तुम्ही विचारलंत म्हणून: शेतकऱ्याच्या पोरांना शाळेत भाजी लावायला कशाला शिकवायचं?

लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, ट्रेनिंगला गेलं की जेवणाच्या सुट्टीत विचारतात, आणि परवा माझ्या सख्ख्या भावानंच विचारलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. प्रश्न असा, की मॅडम, पुण्या-मुंबईच्या शाळांचं समजू शकतो, पण वाळवा तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत, जिथं कंपाउंडच्या पलीकडं लगेच ऊस सुरू होतो, तिथं परसबाग कशाला? पोरं शेतकऱ्यांचीच आहेत की.

पोरं शेतकऱ्यांची आहेत, हे खरं. पण आमच्याकडं शेती म्हणजे ऊस. मधे कुठं हळद, कुठं सोयाबीन, बाकी नदीपासून माळापर्यंत ऊसच. भाजी आठवडी बाजारातनं येते. आमच्या आज्या उसाच्या लावणीत कोथिंबीर, मिरची, बांधाला घेवडा टोकायच्या आणि घरची भाजी त्यातच भागायची, ते आता गेलं. कारखान्याचा दर किती जाहीर झाला ते माझ्या चौथीतल्या पोराला माहीत असतं, कुठल्या ट्रॅक्टरला किती एचपी ते पण पाठ असतं, पण मी एकदा विचारलं की भेंडी झाडाला खाली लोंबते का वर तोंड करून उभी असते, तर अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला लोंबते. उभी असते ओ. रोज खातात, पण लागलेली बघितलीच नव्हती कुणी.

अभ्यासाचा वेळ जातो म्हणणाऱ्यांसाठी एकच सांगते, क्षेत्रफळ मी वाफ्यावर शिकवते आणि ते पोरांना येतं. बास.

आणि पोषण आहाराचं म्हणाल तर परसबागेवर शाळेची भाजी भागते असं मी कधीच म्हटलेलं नाही. नियमानं पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला 75 ग्रॅम. म्हणजे प्राथमिकची 60 पोरं धरली तरी रोज 3 किलो भाजी. आमच्या अर्ध्या गुंठ्याच्या बागेत ती निघत नाही, कुणी निघते म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्याकडं मेथीचा वाफा 25-30 दिवसांत काढणीला येतो आणि एका दुपारच्या जेवणात संपतो. पण त्या दुपारी एकही पोरगं ताटात मेथी टाकून उठत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खरं तर जे विचारायला पाहिजे ते कुणी विचारत नाही. मे महिन्यात पाणी कोण घालणार? एप्रिल संपता संपता शाळा सुटते ती जूनच्या मध्यात भरते, तोवर शेरडं आत शिरतात आणि राहिलेलं उन्हानं जातं. म्हणून आम्ही उन्हाळ्याला फक्त शेवगा आणि कढीपत्ता धरतो, बाकी वाफे मोकळे. असो.

आता जे लिहायला बसलेय ते लिहिते.

श्रावणातली गोष्ट, काही वर्षांपूर्वीची. परसबागेची स्पर्धा होती, फोटो मागवले होते. पाऊस उघडला म्हणून पोरांना घेऊन वाफे भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, काढले आणि फोटो काढले. त्यातला एक फार सुंदर आला होता, पाचवीतली एक मुलगी, उकिडवी बसलेली, खुरपं मुळाशी, मागं घेवड्याचा वेल. तो आमच्या ग्रुपवर टाकला, तिथनं तो गावाच्या ग्रुपवर गेला. आणि तिथं कुणीतरी कौतुकानंच लिहिलं, आईसारखाच हात चालतोय पोरीचा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली. कुणाच्या तरी उसातनं सरळ आलेली, कमरेला पदर खोचलेला, पायाला चिखल. तिच्याकडं तसला फोन नाही, शेजारणीनं दाखवला होता. वर्गात या म्हटलं तर आली नाही, व्हरांड्याच्या पायरीशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माजी पोरगी शाळंत बी भांगलायचीच का ओ?"

मी म्हटलं, अहो ताई, सगळीच मुलं करतात, श्रमाला कमी लेखू नये. हे वाक्य माझं तोंडपाठ होतं, ट्रेनिंगमध्ये मी स्वतः ते दुसऱ्यांना सांगितलेलं.

ती म्हणाली, "मी दिसभर दुसऱ्याच्या रानात वाकतो. ती वाकू नये म्हणून तर हितं घातलीया. तुमी तिला हितं बी वाकवलीसा, आन वरनं फोटू काडून गावाला दावलासा."

मी परत काहीतरी बोलले, कष्टाची प्रतिष्ठा वगैरे. त्यावर ती ओरडली नाही, हे मला लिहायलाच पाहिजे, कारण नंतर स्टाफरूममध्ये ती भांडून गेली असं ठरलं. ती एवढंच म्हणाली, "परतिष्टा हाय न्हवं, मग सरपंचाच्या पोराचा फोटू का न्हाई टाकला?"

पोरं ताटं घेऊन बसली होती, सगळी ऐकत होती. तिची मुलगी पण.

आता माझी बाजू. सरपंचांचा मुलगा त्या दिवशी बागेतच होता, हजेरी आहे. मी कुणाला जात बघून, घर बघून काम दिलं नव्हतं, आजवर दिलेलं नाही, आणि माझ्याबद्दल असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. पण त्या रात्री मी सगळे फोटो परत एकेक करून बघितले. त्याच्या हातात पाण्याची पाईप होती. रोजगाराला जाणाऱ्या बायकांच्या मुली तेवढ्या खाली बसून भांगलत होत्या, कारण त्यांना येत होतं. ज्यांच्या घरी भांगलायला माणसं येतात ती पोरं उभी होती, कुणी पाईप धरून, कुणी पाट्या रंगवत. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. गावात जशी वाटणी आहे तशीच्या तशी ती अर्ध्या गुंठ्यात आपोआप झाली होती.

यावर लोक मला कर्मवीर भाऊराव पाटील सांगतात. आमच्या भागात हा वाद कर्मवीरांशिवाय संपतच नाही. 1919 साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, पोरांनी राबावं आणि शिकावं, कमवा आणि शिका, मग तुमच्या बागेनं काय बिघडतंय? अहो, मी त्याच संस्थेच्या शाळेत शिकलेय, मला त्यांच्याबद्दल सांगायची गरज नाही. पण त्या बोर्डिंगमधलं विसरू नका, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका स्वयंपाकातलं जेवायची आणि कामाला सगळ्यांनाच जुंपलेलं असायचं. तेवढं काढून टाकून नुसता पोरांच्या हातातला टिकाव ठेवला तर ते कर्मवीरांचं राहत नाही. हे मी पूर्वीच्या मलाच सांगतेय, जिला श्रमप्रतिष्ठा हा शब्द एवढा पुरेसा वाटायचा. ती माझ्याशी अजून भांडते. ती म्हणते, त्या मुलीला जे येतं त्याला शाळेत मान मिळाला यात वाईट काय? आणि मला तिचं पूर्णपणे खोडता येत नाही.

कारण पुढं असं झालं. आई म्हणाली पोरीला त्यात घालू नका, मी घातलं नाही. ती व्हरांड्यात बसून बागेचं रजिस्टर लिहायची, कधी टोकलं, कधी उगवलं, कुठल्या वाफ्यावर मावा दिसला. बाकीच्यांच्या हातात खुरपं आणि वही मी हजेरी क्रमांकानं फिरवायला लागले, ते आजतागायत तसंच चालू आहे, सरपंच असो नाहीतर कुणी असो. तर एका दिवशी सातवीतली मोठी पोरं वाफा साफ करत होती आणि ही वरनं ओरडली, "ए, ती घोळ हाय, उपटून टाकू नका, खात्यात ती!" सगळे थांबले. लालसर दांडा, जाड गुळगुळीत बारकी पानं, जमिनीवर पसरलेली. मग ती खाली उतरली आणि तिनं एकेक दाखवलं, ही घोळ, हा तांदुळजा, ही पाथरी, हा लव्हाळा मात्र काढा, तो नुसता तोडला तर खालच्या गाठीतनं परत येतो. ज्यांच्या घरी एकरांनी जमीन आहे त्या पोरांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. आहार शिजवणाऱ्या मावशींनी त्याच दिवशी ती घोळ डाळीत घातली.

मग एकानं विचारलं, आमच्या उसात घोळ का दिसत नाही? हा प्रश्न माझ्या कुठल्याच पाठात नव्हता. मी सांगितलं, की उसात टू-फोर-डी नावाचं तणनाशक मारतात, ते रुंद पानाच्या तणाला मारतं आणि ऊस गवताच्या जातीचा म्हणून तो वाचतो. घोळ, तांदुळजा, चाकवत, पाथरी ही सगळी रुंद पानाचीच, म्हणजे आपली आयती रानभाजी तेवढी जाते. त्या पोराचे वडील मला दोन दिवसांनी भेटले, जरा रागातच, म्हणाले पोरगं घरी येऊन विचारतंय तणनाशक का मारताय, भांगलणीला बायका मिळत नाहीत ते तुम्ही सांगा त्याला. तेही मी वर्गात सांगितलं. बायका का मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांना काय रोज मिळतो, यावर पोरं बराच वेळ बोलली. शेतकऱ्याच्या पोरांना बाग कशाला, याचं माझं उत्तर विचाराल तर तो तास.

पण ही मुलगी खाली उतरली ती आईचं न ऐकता, आणि हे तिच्या आईला कळलं तेव्हा तिला बरं वाटलं असेल असं मी धरून चालत नाही. तिनं मला नंतर कधी काही म्हटलं नाही. घोळ ओळखता येते म्हणून तिच्या लेकीचं उद्या काय भलं होणार, हे तिनं विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मुलगी आता हायस्कूलला आहे, गणितात बरी आहे.

येत्या जूनला तिचा धाकटा माझ्या वर्गात येतोय. बागेचं मी तिला आधी विचारणार आहे, आणि पालकसभेत सगळ्यांसमोर नाही, रोजगार सुटल्यावर संध्याकाळी तिच्या घरी जाऊन. ती नको म्हणाली तर त्याच्याकडं पण रजिस्टर. आणि का नको ते तिनं परत एकदा सांगितलं, तर या वेळी मी मधे बोलणार नाहीये.