तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरी युद्धाच्या बातम्या का लागत नाहीत

"पोरगा मिलिटरीत, आणि तुम्ही बातम्या लावत नाही?" शेजारी विचारतात, पाहुणे विचारतात. देशाचं काही वाटत नाही का, असाही सूर काहींचा असतो. वाटतं. पोटचा पोर दिलाय.

2025च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी लढाई चालू होती तेव्हा, त्याचं युनिट जम्मूकडच्या राजौरीला होतं. 8 तारखेच्या रात्री टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद पडलं. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकून बरं वाटलं. स्टुडिओत भोंगे वाजत होते. (अशानं लोक खऱ्या भोंग्याकडे दुर्लक्ष करतील, हे चॅनेलांना पुढे सरकारला सांगावं लागलं.) मग खालच्या पट्टीत आलं, राजौरीत लष्कराच्या ब्रिगेडवर फिदायीन, म्हणजे आत्मघाती, हल्ला. सूनबाईनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. निवेदक ओरडतच होता. नातू दचकून उठला, त्याला कुणी उचललंही नाही. मी सुनेकडे पाहिलं आणि मला तिचं कपाळ पुसलेलं दिसायला लागलं. ती रात्र कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक.

असा हल्ला कुठल्याही छावणीवर झालेलाच नाही, असा खुलासा पीआयबीनं, म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयानं, केला. आम्हाला तो कळला दुसऱ्या दिवशी. दुपारी पोराचा फोन आला, पाऊस झाला का विचारत होता. चॅनेलवर ती पट्टी नुसती गेली होती. चुकलं म्हणून कुणी म्हणालं नाही.

पुंछमध्ये तोफगोळ्यात गेलेल्या एका शिक्षकाला काही चॅनेलांनी दहशतवादी ठरवलं. पोलिसांनी ते खोडून काढलं, पण तोवर त्याच्या घरच्यांनीही टीव्ही पाहिलाच असेल.

1999 साली हे कारगिलला होते, तेव्हा मी टीव्हीसमोरून हलत नव्हते. पत्र येईपर्यंत तेवढाच आधार. तेव्हाची मी आज मला विचारते, बंद करून बसलीस तर कळणार कसं? सरकार तरी सगळं वेळेवर कुठं सांगतं? आपली विमानं पडल्याचं सीडीएसनी, म्हणजे संरक्षण दलांच्या प्रमुखांनी, मान्य केलं ते 31 मेला, तेही सिंगापुरात. तोवर ज्याच्या तोंडाला येईल तो आकडा.

म्हणून मी सकाळचा पेपर वाचते, रात्री टीव्ही लावत नाही. सूनबाईला हे पटत नाही. "खोटं का असेना, आई, त्याच्या भागाचं नाव तरी कानावर पडतं," म्हणते आणि मोबाइलवर बघत बसते. तिला काय उत्तर द्यावं, मला सुचलेलं नाही.