चौथी फ्लॉपी

१९९४ साली मी सांगलीत एका पतसंस्थेचे हिशेब संगणकावर ठेवायचो. ३८६चं मशीन, ८० एमबीची हार्डडिस्क, आणि मार्चअखेर फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममधला सगळा डेटा पुण्याला ऑडिटरांकडे. फ्लॉप्या पुठ्ठ्यात बांधायच्या आणि एसटीच्या पार्सलात टाकायच्या. डेटा २० एमबी, सव्वापाच इंची फ्लॉपीत मावणार १.२. दाबून भरल्याशिवाय इलाज नव्हता.

हाताशी फाइली दाबणारे तीन प्रोग्रॅम होते: फिल कॅट्झचा पीकेझिप २.०४जी, रॉबर्ट जंगचा एआरजे आणि जपानी योशिझाकींचा एलएचए. एका रविवारी घड्याळ समोर ठेवून तोच डेटा तिघांनाही घातला. पीकेझिप सुसाट. एआरजे निवांत, त्याला जास्तीत जास्त दाबायला सांगितलं की मधे चहा होऊन यायचा. एलएचए फुकट आणि चिमुकला, पण एक आर्काइव्ह, म्हणजे दाबलेली फाइल, चार फ्लॉप्यांवर तोडणं त्याच्याच्यानं होईना, तो बाद.

आकाराचं म्हणाल तर पीकेझिप आणि एआरजेत भांडावं एवढा फरकच नव्हता. दोघांनीही चार फ्लॉप्यांत बसवलं. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइलच तशी असते. नावाचा रकाना ३० अक्षरांचा ठरवला की ‘साठे’ लिहिलं तरी उरलेल्या जागेत स्पेसच स्पेस. तेच तेच दिसलं की प्रोग्रॅम ‘इतकं मागं जा, इतकी अक्षरं उचल’ एवढीच खूण लिहून मोकळा.

मग वेगवान तो घेतला. तिसऱ्या दिवशी ऑडिटरांचा फोन.

“अहो, हा शेवटची फ्लॉपी आधी मागतोय, आणि तीच वाचत नाहीये. अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, फेल.”

पीकेझिपच्या झिप फाइलीत आतल्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते, म्हणून तो आधी शेवटची मागतो. चौथी गेली म्हणजे यादीच गेली. चूक माझीच, वापरून वापरून घासलेल्या फ्लॉपीवर नवं लेबल चिकटवलं होतं. चारही पुन्हा भरून पाठवल्या.

पुढच्या वर्षी एआरजे. त्यात -व्ही१२०० दिलं की तो हार्डडिस्कवरच फ्लॉपीच्या मापाचे तुकडे पाडतो: .एआरजे, .ए०१, .ए०२. पीकेझिपला तुकडे पाडायला थेट फ्लॉपीच लागायची. शिवाय एआरजेचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र उघडतो. हद्दीवर चिरलेली फाइल तेवढी अर्धवट राहते. तुकडे कॉपी केले, शेजारच्या मशीनवर एकेक फ्लॉपी घालून ‘एआरजे टी’ने तपासली. अर्धा दिवस गेला.

तरी पुण्यात तिसरी रुसलीच. एसटीडी बूथवर मीटरकडे बघत मी विचारलं, “बाकीच्या उघडल्या का?”

“उघडल्या. तिसरी तेवढी पाठवा.”

तुकडा हार्डडिस्कवर होताच. रात्रीच्या गाडीनं त्याच्या दोन प्रती गेल्या, दोन्ही कोऱ्या फ्लॉप्यांवर.