टीबीचा मॅनेजर

रविवारी दुपारी जेवणं होऊन सगळं घर आडवं झालेलं असताना लॅपटॉपवर निरोप आला. आमचा लेफ्ट बॅक निवृत्त होतोय. वय ३४. कारण गुडघा.

मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. सोळाव्या वर्षापासून माझ्याकडं होता पोरगा, अठरा सीझन. हा याकोबसन या पृथ्वीवर कधी जन्मालाच आलेला नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. फुटबॉल मॅनेजर हा कम्प्युटरवर टीम सांभाळायचा गेम. तो खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, खरे खेळाडू म्हातारे होऊन गळायला लागले की गेम दरवर्षी नवी पोरं तयार करतो. नाव, उंची, स्वभाव, सगळ्यासकट. माझ्या गेममध्ये आता २०४१ साल चालू आहे, म्हणजे मैदानावर खरा माणूस जवळपास उरलेलाच नाही. तरीपण घशात काहीतरी आलं.

"कोण गेलं?" बायकोनं कूस बदलत विचारलं.

"लेफ्ट बॅक."

ती परत झोपली.

माझी टीम टीबी. पूर्ण नाव त्वोरोइरार बोल्टफेलाग. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधे समुद्रात फेरो नावाची १८ बेटं आहेत, माणसं सगळी मिळून पन्नास-पंचावन्न हजार. त्यातल्या सगळ्यात दक्षिणेच्या बेटावरचा हा क्लब, स्थापना १८९२, म्हणजे तिथला सगळ्यात जुना. राजधानीहून फेरीबोटीनं दोन तास. आजवर सात वेळा चॅम्पियन, शेवटचं १९८७ साली. म्हणजे घराणं मोठं, वाडा पडका. मला असलंच आवडतं.

एकदा मित्राला फोनवर सांगत होतो, "टीबीत पैसा नाही रे, पण पोरं गुणी आहेत." आईनं तेवढंच ऐकलं. "कुणाला झालाय रे टीबी?" मी समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाली, "सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सांग त्याला. लाजायचं नाही म्हणावं."

लोक मँचेस्टर सिटी घेतात, रिआल माद्रिद घेतात. घेऊ देत. मला ते फर्निचरसकट भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटसारखं वाटतं, खिळा मारायची सोय नाही. इथं फेरोत मजा अशी की बोर्डाकडं नवीन गवत मागितलं तर तीन वर्षं नाही म्हणतात आणि चौथ्या वर्षी हो म्हणतात, तेव्हा आपल्याला गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटतं. पोरं सगळी अर्धवेळ कराराची. आठवड्याला थोडा सराव, बाकी दिवस आपापली कामं. कुणाचं काम काय ते गेम सांगत नाही, ते मी ठरवलंय. गोलकीपर मासळीच्या कारखान्यात, स्ट्रायकर पोस्टात, आणि याकोबसन इलेक्ट्रिशियन. तिथं नावंही मोजकीच. आपल्याकडं टीममध्ये चार पाटील असावेत तसे माझ्याकडं एका वेळी चार याकोबसन होते. स्कोअरकार्ड बघताना गोल नेमका कुणी केला ते कळायचं नाही.

माझ्या गेममध्ये ही लीग मुळात येतच नाही. कुणा हौशी माणसानं फाइल बनवून ठेवलीय, ती उतरवून घातली की फेरो उघडतं. त्या अनोळखी माणसानं खालच्या डिव्हिजनमधल्या राखीव गोलकीपरचीसुद्धा जन्मतारीख भरलेली आहे. असल्या माणसाबद्दल मला अतोनात आदर वाटतो, आणि थोडी काळजीही.

माझे नियम कडक आहेत. ब्राझीलचा खेळाडू घ्यायचा नाही. स्पेनमधला बिल्बाओचा क्लब जसा फक्त बास्क खेळाडू घेतो, तसं मी फक्त आमच्या बेटावरचीच पोरं घेतो. मोठ्या फायनलला आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा (हसू नका, जगभर लोक यासाठी सूट चढवून बसतात). आणि हरलो तर आधीची सेव्ह उघडून मॅच परत खेळायची नाही. अठरा सीझनमध्ये हा नियम मी फक्त एकदा मोडला. क्लाक्सविक या फेरोतल्याच दुसऱ्या क्लबविरुद्ध, ९४ व्या मिनिटाला गोल खाल्ला तेव्हा. तेवढ्यात लाइट गेली असं मी घरी सांगितलं. घरात कुणी विचारलं नव्हतं.

फेरोच कशाला, असं लोक विचारतात. त्याला एक टोपी कारणीभूत आहे. १२ सप्टेंबर १९९०. ऑस्ट्रिया इटलीतला वर्ल्ड कप खेळून आलेली, आणि फेरोची ही पहिलीच अधिकृत स्पर्धेतली मॅच. बेटांवर नियमात बसेल असं गवताचं मैदान नव्हतं, म्हणून घरची मॅच स्वीडनमध्ये लांड्स्क्रूना गावी ठेवलेली. फेरोच्या गोलमध्ये येन्स मार्टिन क्नुडसन, डोक्यावर गोंड्याची पांढरी लोकरी टोपी. लहानपणी डोक्याला मार लागला होता, तेव्हापासून टोपी घालूनच खेळायचा. कामधंद्याला फोर्कलिफ्ट चालवायचा. टोर्किल निल्सननं एक गोल मारला, टोपीवाल्यानं काहीच आत जाऊ दिलं नाही, १-०. मी ते फुटेज कितीदा पाहिलंय याचा हिशेब नाही. टोपी न घालता घराबाहेर पडलो की आमच्या आईचा जीव वरखाली व्हायचा. हा माणूस टोपी घालून ऑस्ट्रियाला अडवत होता. आईला दाखवलं तर म्हणाली, "बघ."

आणि मग २०२३. मी सहा सीझन घासून टीबीला युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत कुठल्या तरी गटात शिरवायच्या खटपटीत होतो आणि दरवर्षी पात्रता फेरीत मार खात होतो. स्वतःची समजूत घालत होतो की इतक्या छोट्या लीगला हे शक्यच नाही, गेम उगाच आशा लावतो. तर जुलैमध्ये क्लाक्सविकच्या खऱ्या टीमनं बुडापेस्टला जाऊन फेरेन्त्सवारोश या तिथल्या बड्या क्लबला ३-० हाणलं. पाच हजार वस्तीचं मासेमारीचं गाव. तिथून पुढं ते कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या स्पर्धेच्या गटात पोचले, फेरोचा पहिलाच क्लब. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण पहिल्यांदा जे आलं ती असूया होती, शेजाऱ्यानं आपल्या आधी गाडी घेतल्यावर येते तसली. शिवाय क्लाक्सविक म्हणजे आमचे वैरी.

लेफ्ट बॅक आणि गुडघा म्हटल्यावर थोरले काका आठवणं भागच होतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथं फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. नावं वाचली तरी कुणाच्या तरी मुठी आवळतील. आमची तालीम कुठली ते सांगत नाही, उरलेले रागावतील. काका तिच्याकडून डावा बॅक खेळायचे. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. ऑपरेशन वगैरे गोष्टी तेव्हा आमच्या घराच्या आवाक्यातल्या नव्हत्या. पुढं आयुष्यभर जिना चढताना त्यांचा गुडघा काटकन वाजायचा आणि घरात सगळ्यांना कळायचं, काका आले.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मला शेजारी बसवायचे, खिशात शेंगदाणे. त्यांचं मॅच बघणं विचित्र होतं. चेंडू या टोकाला असला तरी हे त्या टोकाला बघत बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चेंडू कुणीबी बघंल. तू बॅक बघ. चेंडू नसताना कुठं हुबारतोय ते बघ." अख्खं स्टेडियम गोलसाठी उभं राहिलेलं असायचं आणि आम्ही दोघं रिकाम्या कोपऱ्यात एकटा उभा असलेला माणूस बघत असायचो.

घरी येऊन मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लीग खेळायचो. सापशिडीचा फासा, एकदा या टीमचा, एकदा त्या टीमचा. पॉइंट टेबल लाल-निळ्या पेननं आखलेलं. आमची तालीम हरायला लागली की फासा कॉटच्या कडेला लागलेला असायचा, म्हणून तो धरायचा नाही. ताईनं एकदा मोजलं होतं, एका सुट्टीत फासा कॉटला एकतीस वेळा लागला. तर ९४ व्या मिनिटाला लाइट जाण्याची परंपरा तशी जुनी आहे.

गेममध्ये अनिकेत जाधव आहे, आमच्या कोल्हापूरचा, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला. पण कोल्हापूरची लीग नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी गेमबरोबर मिळणारा एडिटर उघडला. म्हटलं, कुणा अनोळखी माणसानं फेरो भरलं, आपण शाहू स्टेडियम भरू. तालमी टाकल्या, रंग टाकले. मग खेळाडू. पहिला खेळाडू म्हणून काकांना घेतलं, वय २२ ठेवून. काका जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

प्रत्येक गोष्टीला वीसपैकी मार्क द्यायचे असतात. टॅकलिंग १७ दिले (पलीकडच्या पेठेतले म्हणतील टॅकलिंग कसलं, सरळ लाथ मारायचा). जागा धरून उभं राहणं १९. वेग ९, खोटं कशाला बोला. डावा पाय २०, उजवा पाय ३, तोसुद्धा बसमध्ये चढण्यापुरता. जिद्दीच्या रकान्याशी फार वेळ गेला. जो माणूस गुडघा गेल्यावर एकदाही कुरकुरला नाही, पण पुन्हा कधी चेंडूला पायही लावला नाही, त्याची जिद्द किती धरायची? शेवटी रकाना रिकामा सोडला. रिकामा सोडला की गेम स्वतःच काहीतरी आकडा घालतो.

मग दुखापतीचा रकाना आला. खेळताना तो दिसत नाही, फक्त एडिटरमध्ये दिसतो. जितका आकडा मोठा तितका माणूस वारंवार मोडणार. तिथं मी १ टाकला.

फाइल अजून चालत नाही. लीगच्या नियमांत कुठं तरी चूक आहे म्हणतो, लाल अक्षरांत. कधीतरी बसून शोधायला पाहिजे. रविवारी याकोबसनला निरोप धाडला, पोरांना शिकवायला थांबशील का. अजून उत्तर नाही. उद्या क्लाक्सविकला मॅच आहे, सकाळची फेरी धरावी लागेल, आणि डाव्या बाजूला कुणाला उभं करायचं ते ठरलेलं नाही.