तुम्ही विचारलंत म्हणून: अजून हे का शिकतेय?

"जावावर घर चाललंय ना तुझं, मग या वयात हे हास्केल-बिस्केल कशाला?" ऐरोलीच्या ऑफिसात विचारतात, दिवाळीला आलेले दीरही विचारतात. जावा ही माझी पोटापाण्याची प्रोग्रामिंग भाषा; हास्केल ही फंक्शनल प्रोग्रामिंगची, म्हणजे फंक्शनं एकमेकांना जोडून प्रोग्राम लिहायची, भाषा. मी "आवडतं" म्हणते आणि चहा टाकायला उठते. ते अर्धंच उत्तर आहे.

नवं फॅड मात्र म्हणू नका. संगणकशास्त्रज्ञ एउजेनिओ मोज्जींनी प्रोग्रामचा अर्थ लावायला मोनाड (हास्केलमध्ये पायरीला पायरी जोडायची ठरलेली रीत) वापरले ते १९८९ मध्ये. याच घराण्यातले लॅम्डा (नाव न देता जागीच लिहायची फंक्शनं) जावात आले २०१४ साली, आणि ते तुम्ही सगळे रोज लिहिता. तेव्हा नाही कुणी 'कशाला' विचारलं.

विचारायचंच तर रिफंडच्या त्या रात्रीबद्दल विचारा. स्काला या दुसऱ्या फंक्शनल वळणाच्या भाषेतलं ते काम मीच लिहिलं होतं. एकेका ग्राहकाचे पैसे परत पाठवायचे, पाठवलेल्यांची यादी स्टेटमध्ये (एका पायरीकडून पुढच्या पायरीला मिळणाऱ्या स्थितीत) ठेवायची, काही बिघडलं तर आयदरने (एकतर चूक, नाहीतर उत्तर) थांबायचं. दोन्ही जोडायला मोनाड ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एका मोनाडवर दुसरा चढवायचं साधन: स्टेटटी (स्टेटचा ट्रान्सफॉर्मर) बाहेर, आयदर आत. कंपाइल झालं, टेस्ट पास झाल्या. चूक आल्यावर यादीचं काय होतं, हे एकाही टेस्टमध्ये मी तपासलं नव्हतं.

मध्येच बँकेकडून उत्तर येईना. काम थांबलं आणि यादी गेली. ठरल्याप्रमाणे ते आपोआप पहिल्यापासून सुरू झालं आणि ज्यांना पैसे मिळाले होते त्यांना पुन्हा गेले. रात्री एक वाजता ऑन-कॉलवरच्या मुलाचा फोन आला, "ताई, यादी कुठे जाते तेच कळत नाहीये." मी ठाण्यात घरी तोच कोड उघडून बसले होते. मलाही कळत नव्हतं.

सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत वीजबिलाच्या पाठीवर त्या कोडचा टाइप, म्हणजे काय दिलं की काय मिळतं ते, उलगडून लिहिला. स्थिती द्या, मिळेल एकतर चूक, नाहीतर नवी स्थिती आणि उत्तर. चुकीच्या बाजूला स्थितीला जागाच नाही. मग क्रम उलटा केला. स्थिती द्या, मिळेल नवी स्थिती, आणि तिच्यासोबत चूक किंवा उत्तर. आता यादी वाचते. दोन ओळी. सगळं टाइपमध्ये आधीपासून लिहिलेलं होतं. मी ते नुसतं जुळवलं होतं, वाचलं नव्हतं.

हो, अशी नोंद मेमरीत ठेवायचीच नसते. डेटाबेसमध्ये हवी, आणि प्रत्येक रिफंडला स्वतःचा क्रमांक हवा, म्हणजे तोच पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा जात नाहीत. शेवटी तेच केलं, साध्या सरळ कोडमध्ये, आणि ते आजही चालू आहे. म्हणजे तुमचं खरं?

"हे शिकलं की असल्या चुका होतच नाहीत," असं पूर्वी मीच मीटिंगमध्ये ठासून सांगायचे. ते खोटं होतं. पण चूक नेमकी कुठे आहे ते कागदावर दोन ओळींत दिसलं, तसं मला याआधी कधीच दिसलं नव्हतं. त्यासाठी मी शिकते. फक्त त्या मुलाला रात्री एक वाजता ते दिसू शकलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता ऑफिसात काही लिहिताना आधी विचार करते, रात्री हे कोण उघडणार? कधी वाटतं ही समज आहे, कधी वाटतं मी घाबरलेय.

सध्या जीएडीटी (टाइपमध्ये आणखी नेमकी माहिती लिहायची सोय) शिकणं चालू आहे. परवा त्याच मुलाने विचारलं, "ताई, मलाही शिकवाल का?" मी अजून हो म्हटलेलं नाही.