जिप्सी, स्पिती आणि चोवीस अर्धे बुश

सप्टेंबरात पुणे-स्पिती-पुणे करून आलो, गाडी जिप्सी किंग, २०११ ची, सॉफ्ट टॉप. चंद्रतालचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत त्यामुळे ते सोडतो. मी लिहितोय पाट्यांच्या बुशबद्दल, म्हणजे पाट्यांच्या टोकांच्या छिद्रात बसणाऱ्या रबरी नळ्यांबद्दल, कारण अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त छळलं ते त्यांनीच आणि त्यातली निम्मी चूक माझी होती.

जिप्सीला चारही कोपऱ्यात लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले कमानपाटे. ॲक्सलला जागेवर धरायला वेगळे आर्म वगैरे काही नाहीत, सगळं काम पाट्यांचंच, आणि पाटे चासीला धरलेत ते या बुशच्या रबराच्या जोरावर. त्यामुळे बुश गेला की नुसता आवाज येत नाही, अख्खा ॲक्सल इकडंतिकडं सरकतो. माझ्या गाडीला स्पीडब्रेकरवर मागून टक, क्लच सोडला की टक, आणि ताम्हिणीत उतारावर ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. आधी मी शहाण्यासारखा स्टीअरिंग डॅम्पर बदलून घेतला, पैसे गेले, टक तशीच. मग खाली झोपून शॅकलपाशी (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) पहार घालून जरा उचकटलं तर पिन छिद्राच्या मधोमध नव्हतीच, एका बाजूला जाऊन बसलेली, आणि रबराला मगरीच्या कातडीसारख्या भेगा.

आता रबर का पॉली, म्हणजे पॉलीयुरेथेन. जिप्सीचा बुश दोन अर्ध्यांचा असतो, डोळ्यात, म्हणजे त्या छिद्रात, दोन्ही बाजूंनी एकेक दाबायचा, एका पाट्याला तीन जागा (न हलणाऱ्या टोकाला एक, शॅकलला वर-खाली दोन) म्हणजे सहा अर्धे, चार पाट्यांचे चोवीस. मी काय केलं, मागे कंपनीचं रबर घेतलं आणि पुढे बाजारातला लालभडक पॉलीचा सेट, कारण दिसायला भारी आणि दुकानदार म्हणाला लाइफटाइम. पॉली टिकतो हे खरंय, पण कडक असतो, खराब रस्त्यावर चाक वरखाली होताना पाट्याला जरा पीळ खावा लागतो तो रबर खाऊ देतं, पॉली तितका देत नाही. आणि ग्रीस वाळलं की कुरकुरतो. स्पितीची धूळ पिठासारखी बारीक, नाकोच्या पुढे माझी जिप्सी जुन्या झोपाळ्यासारखी वाजत होती, काच खाली केली की बायको माझ्याकडे बघायची. पॉली लावायचाच असेल तर चांगला घ्या आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब सोबत ठेवा. रबराला मात्र ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको, फुगतं आणि मऊ पडतं, बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

पुढचे बुश मी मित्राच्या शेडमध्ये स्वतः घातले, मागचे वेळ नव्हता म्हणून एका गॅरेजला दिले. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा मागून बोटभर उंच वाटली, म्हटलं नवीन रबर आहे, बसेल. इथंच कान टवकारायला हवे होते.

चंदीगडपर्यंत साडेसोळाशे-सतराशे किलोमीटर काही झालं नाही, नारकंडा, कल्पा सगळं गोड. टाबो सोडल्यावर मागून पुन्हा टक सुरू, मग टंग, लोखंडावर लोखंड. काझ्यात एका मेकॅनिकला दाखवलं, तो खाली वाकला, डाव्या शॅकलच्या वरच्या बुशची कॉलर फाटून बाहेर लोंबत होती ती त्यानं दोन बोटांनी ओढून काढली आणि म्हणाला, "सर, ये हवा में टाइट किया है."

म्हणजे काय ते सांगतो. गाडी जॅकवर असते तेव्हा ॲक्सल लोंबतो, पाटा जास्त कमानीत येतो आणि शॅकल वेगळ्याच कोनात जातं. त्या कोनात नट करकचून आवळला की शॅकलच्या पट्ट्या रबराला तिथंच चिमटतात. गाडी खाली ठेवली की वजनानं पाटा सपाट होतो, लांबीला वाढतो, शॅकल फिरतं, पण रबर चिमटलेलं, ते पिळलेलंच राहतं. गाडी उभी असतानासुद्धा. त्यावर प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. गाडी उंच दिसत होती ती त्यामुळेच.

नशिबानं मित्रानं निघताना रबराचा जादा सेट बळंच डिकीत टाकला होता, "अरे दोन मुठी जागा लागते, घे ना." मागच्या दोन्ही शॅकलचे चारही बुश तिथंच बदलले, अडीच तास गेले.

घरी करणार असाल तर आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारत जा, कोकणात फिरलेली गाडी असेल तर दोन आठवडे, आणि पाट्याच्या न हलणाऱ्या टोकाचा बोल्ट तरी हमखास रडवतो, नवीन बोल्ट-नट आधीच आणून ठेवा. एकावेळी एकच कोपरा. बाकीच्या चाकांना दगड, चासीखाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड), आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक, कारण तो जॅक थोडा वरखाली केला की बोल्टवरचा ताण जातो आणि बोल्ट हातानं निघतो, हातोडीनं पिनची चुडी ठोकत बसावं लागत नाही. डोळा आतून पॉलिश पेपरनं घासा, गंजाचे पापुद्रे राहिले तर नवीन रबर तेच कापतात. नट नुसते हातानं लावा. चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, मागेपुढे ढकला, बंपरवर उभं राहून चार उड्या मारा, मग खाली झोपून मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथं दिलेल्या जोरानंच, आवळा. दोनेकशे किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा. गॅरेजला देणार असाल तर शेवटचं आवळताना तिथं उभे राहा, त्यांना राग आला तरी चालेल.

काझ्याहून पुढं कुंझुमची खिंड उतरून बातल ते ग्रांफू, म्हणजे रस्ता नावाला आणि बाकी नदीतले गोटे. पहिल्या गियरमध्ये, कधी लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू पण ताकदीच्या गियरमध्ये. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं. काझ्यात टाकी फुल करा, जिप्सीची टाकी चाळीस लिटरचीच आणि बातलच्या बाजूला पंप नाही. चाकात हवा थोडी कमी केली तर बुशना आणि कमरेलाही बरं, फक्त डांबर लागल्यावर भरायला पंप जवळ ठेवा. मागून एक आवाज नाही आला. पुढून झोपाळा चालूच, अटल टनेलमध्ये तर घुमत होता.

पुण्यात आल्यावर पुढेही रबर घातलं. लाल पॉलीचे आठ अर्धे निघाले ते अजून अगदी ठणठणीत आहेत, शेडमध्ये डब्यात पडलेत, मित्र त्यांचा दाराला अडसर म्हणून वापरतो. उरलेले चार कापून काढावे लागले.