लातूरचं विमानतळ, म्हणजे खरं सांगायचं तर धावपट्टी

बाहेरगावच्या माणसाला लातूरला विमानतळ आहे म्हटलं की तो हसतो, आणि लातूरचाच माणूस असला तर "हाय की, पण विमान कुठंय" म्हणतो. चिंचोलीराव वाडीजवळ, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे ते. 1991 साली पीडब्ल्यूडीने बांधलं. तेव्हा लातूरचं राजकीय वजन काय होतं हे वेगळं सांगायला नको, शिवराज पाटील चाकूरकर 1980 च्या दशकाच्या शेवटी केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्रीच होते, आणि पुढे लातूरचेच विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. माझं सरळ मत आहे, ही पट्टी नेत्यांना पटकन गावाकडं येता यावं म्हणून झाली, प्रवाशाचा विचार नंतर चिकटवला.

मग पट्टी एमआयडीसीकडे गेली आणि 2009 मध्ये लातूर, नांदेड, उस्मानाबाद, बारामती, यवतमाळ अशी पाच विमानतळं एका खासगी कंपनीला भाड्याने दिली. किती वर्षांसाठी? 95! माणूस स्वतःचं शेत बटईनं देताना दोन वर्षांच्या पुढं बोलत नाही राव. ती परत घ्यायची भाषा नंतर कितीतरी वर्षं चालू राहिली.

मागे मित्राच्या गाडीवरून तिकडं गेलो होतो. तारेच्या कुंपणातून बघितलं तर डांबरावर बारीक बारीक भेगा, भेगेतून गवत. आपली काळी रेगाड जमीन, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, तिच्यावर केलेलं काहीही सतत बघावं लागतं, नाहीतर ती आपलं काम करतेच. कुंपणाला लागून शेळ्या चारणारा एक म्हातारा होता, म्हणाला, "काय बघलालाव? इमान आज न्हाई. मंत्री आला की येतंय." पट्टीचा अख्खा इतिहास सांगून टाकला की त्यानं!

नांदेडची गोष्ट जरा बरी. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबला शिखांचं गुरुपद मिळालं त्याला, 300 वर्षं झाली, त्या निमित्ताने तिथलं विमानतळ नव्याने बांधलं, किंगफिशरची विमानं यायची, पुढं ती कंपनीच 2012 मध्ये बसली. मग छोटी शहरं विमानाने जोडायची केंद्राची उडान योजना आली, 27 एप्रिल 2017 ला नांदेड-हैदराबाद सुरू झालं, देशातल्या पहिल्या उडान फेऱ्यांपैकी एक. त्यात अर्ध्या सीट तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारात आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देणार, पण फक्त तीन वर्षं. ही फेरी चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीने 2022 मध्ये गाशा गुंडाळला. मधल्या काळात परत शांतता, मग 2024 मध्ये दुसऱ्या कंपनीने सुरू केलं. नांदेडला बाहेरून येणारे भाविक आहेत म्हणून निदान कोणीतरी परत येतं तरी. लातूरला कोण येणार?

लोक म्हणतात पट्टी वाढवा, लाईट लावा, विमान येईल. मला नाही पटत. पट्टी बनवणं सगळ्यात सोपं आहे, फीत कापली की झालं. त्यानंतर फायर ब्रिगेडची गाडी, सिक्युरिटी, हवामानाची माहिती, परवान्याच्या तपासण्या हे सगळं रोज लागतं, विमान येवो न येवो. आणि लातूरचा माणूस जातो कसा? व्यापारी, क्लासची पोरं, पेशंट सगळे रात्री मुंबईच्या रेल्वेत नाहीतर पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतात, सकाळी तिथं. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाणीसुद्धा रेल्वेनेच आलं. रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना पण लातूरजवळ हरंगुळलाच, पट्टीपासून फार लांब नाही.

2017 मध्ये लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा काय आंदोलनं झाली आठवतंय ना, जागा मिळणार नाही म्हणून सगळे पक्ष एक झाले होते. विमानासाठी मी तरी लातुरात एक मोर्चा बघितला नाही.