काडी पैलवानाचा खुराक

शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कामाला लागलो तेव्हा उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन ५२ किलो. गल्लीत नाव पडलेलं, काडी पैलवान. कोल्हापुरात हे जरा जास्तच झोंबतं. पेठेपेठेत तालीम, खासबागेत मैदान असलं की मोडक्या कानाची, वळूसारख्या मानेची पोरं शेजारून जाणार आणि आपण शर्टाची बाही कोपरापर्यंत ओढत बसणार.

जिम लावली. तिथं एकानं कडेला घेऊन सांगितलं, “भावा, नुसतं वजन उचलून काय होत नाही. एक कोर्स मार, तीन महिन्यांत ओळखणार नाहीत तुला.” कोर्स म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. दुसरीही एक बाटली फिरत होती, ‘मारली की दम लागत नाही’ म्हणून. ते मेफेंटरमाईन. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब घसरला तर डॉक्टर देतात ते औषध, आणि इथं पोरं वजन उचलायच्या आधी टोचून घेतात! हृदयाशी खेळ आहे हा. स्टेरॉइडनं दंड फुगतात हे खरं, पण शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, अंडकोष आक्रसतात, काहींना छातीला गाठी येतात. मी हात जोडले.

शेजारचे आबा जुने पैलवान. त्यांना विचारलं तर त्यांनी व्यायामाचा विषयच काढला नाही. म्हणाले, “खुराक काय हाय तुझा?” मी सांगितलं. सकाळी पोहे, डब्यात तीन चपात्या-भाजी, रात्री आमटी-भात आणि दिवसभर चहा. आबा हसले. “ह्याच्यावर कोंबडं बी वाढायचं नाही.”

घरी हिशोब मांडला. अंग धरायचं तर वजनाच्या दर किलोमागं रोज साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे मला ८३ ग्रॅम. आणि पोटात जात होतं जेमतेम चाळीस-पंचेचाळीस. मग चार अंडी वाढवली, एका अंड्यात सहा ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्यातून अठरा-वीस. खिशात मूठभर फुटाणे-शेंगदाणे. जेवणात एक भाकरी जास्त, कारण नुसतं प्रोटीन खाऊन वजन वाढत नाही, एकूण पोटात जास्त जायला लागतं. आई म्हणायची, “चार-चार अंडी खाऊन हिंदकेसरी होणार हाईस व्हय?” श्रावणात तर घरात अंडं येईना. तेव्हा सोयाबीनच्या वड्यांनी तारलं. कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅम प्रोटीन, आणि तांबड्या रश्श्याचा मसाला घातला की वडी आहे का मटण, हे दुसऱ्या घासापर्यंत कळत नाही. (तिसऱ्या घासाला कळतं.)

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरही जायचो. म्हैस समोर, धार काढली की फेसासकट पेला हातात. मजा वेगळीच, पण डॉक्टर कच्च्या दुधाला नकोच म्हणतात, त्यामुळे रोजचं दूध घरात उकळलेलं.

व्यायामाचं फार काही सांगण्यासारखं नाही. स्क्वॅट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), बेंच (झोपून छातीवरून वजन वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुल-अप (दांड्याला लटकून वर येणं). प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम. वही ठेवली. नुसता रॉडच २० किलोचा असतो, सुरुवातीला स्क्वॅटला तेवढाच झेपला. मागच्या वेळेपेक्षा एक रेप, म्हणजे एक आवर्तन, जास्त निघालं की खूश, ठरलेली सगळी आवर्तनं निघाली की अडीच किलो वाढवायचे. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेचं खोबरं व्हायचं आणि वहीतले आकडे हमखास खाली यायचे.

प्रोटीनची पावडर घेतली ती नंतर, दुसऱ्या पाळीमुळं. मशीनशेजारी अंडी सोलत बसता येत नाही. श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली पाणी गळतं ना, चीज करताना सुटणाऱ्या तसल्याच पाण्यातलं प्रोटीन म्हणजे व्हे. एका स्कूपमध्ये चोवीस-पंचवीस ग्रॅम. त्यात जादू काही नाही, सोय आहे. डबा घेताना एफएसएसएआयचा (खाण्याच्या मालाला परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा) चौदा आकडी नंबर आणि सील बघायचं. निम्म्या भावात कोण देत असेल तर तिथून निघायचं. मास गेनरवर, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीवर, मात्र पैसे घालवू नका. त्यात बरीचशी साखर आणि स्टार्च, ते काम भाकरी स्वस्तात करते.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना जोर देणारी दुसरी पावडर, रोज तीन ग्रॅम घेतो. सुरुवातीला किलोभर वजन वाढलं ते स्नायूतल्या पाण्याचं. कंपनीच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते) किंचित जास्त आलं आणि घरात रडारड. “किडनी गेली पोराची!” आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, विचारलं, “पावडर कसली घेतोस?” क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळं आकडा थोडा वर दिसतो. काही आठवडे बंद करून परत तपासलं, नॉर्मल. रक्त द्यायच्या आधी हे सांगावं, आणि ज्याला किडनीचा त्रास आहे त्यानं विचारल्याशिवाय हात लावू नये.

दीडेक वर्षात ६३ किलोवर आलो. आबांना कौतुकानं सांगायला गेलो तर म्हणाले, “खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात पदक मारून आले. तू त्यांच्यापेक्षा जड झालास. आता जोर किती मारतोस ते सांग.” पन्नाससुद्धा सलग निघत नव्हते.

आता सकाळी जिमच्या आधी जोर सुरू केलेत. वजन ६४ वर अडकलंय, म्हणून रात्रीची भाकरी अजून एक वाढवली आहे. आई जोंधळ्याच्या भावावर बोलायला लागली आहे.